पेन्सिल हरवली की आपली नजर कुणाकडे जाते?



वंशभेद म्हटलं की आपल्याला अमेरिका नाहीतर दक्षिण आफ्रिका आठवते. आपल्याकडे तसं काही नाही, असं आपण सहज बोलून जातो. पण एखाद्या वर्गात कंपासपेटी हरवू द्या. शोधाशोध सुरू व्हायच्या आधीच चार-पाच पोरं एकाच मुलाकडे बघायला लागतात. तो मुलगा पारध्याच्या पालावरून किंवा कैकाडी वस्तीवरून येत असेल, तर हे जास्तच होतं. "बाई, त्यानंच घेतली असंल." पाहिलेलं कुणीच नसतं. माणूस जन्मानेच तसा असतो, असं मानणं म्हणजेच वंशभेद.

ही समजूत आली कुठून? १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि देशभरातल्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. पोलिसांकडे नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. लहान मुलांना आईवडिलांपासून वेगळं ठेवण्याची तरतूदसुद्धा पुढे झाली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे या माणसांचं स्वातंत्र्य ५ वर्षं १६ दिवस उशिरा आलं! म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. कायदा गेला, पण शिक्का मात्र गावच्या बोलण्यात राहिला. सात-आठ वर्षांच्या पोरांना १८७१ माहीत नसतं. ती आपल्या घरातलं आणि शाळेतलं ऐकून बोलतात.

अशा मुलाच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला सुचतं ते सांगते.

एक. वस्तू हरवली तर एकट्याचं दप्तर कधीच तपासू नका. माझ्या वर्गात एक "सापडलं" डबा आहे. ज्याला जे सापडेल ते त्यात टाकायचं, कुणी टाकलं हे विचारायचं नाही. निम्म्या पेन्सिली बाकाखालीच सापडतात, काही दुसऱ्या दिवशी घरून येतात.

दोन. वर्गात आरोप झाला तर तिथल्या तिथे बोला. "तू पाहिलंस का? नाही ना? मग नाव घ्यायचं नाही." एवढं पुरे. पण ते सगळ्यांसमोर बोला. नंतर त्या मुलाला बाजूला घेऊन पाठ थोपटली, तर वर्गाला काहीच कळत नाही.

तीन. शिष्यवृत्तीच्या याद्या जातीसकट मोठ्याने वाचू नका. जातीच्या दाखल्याचं काम पालकांना बोलावून शांतपणे करता येतं.

चार. सगळ्यात अवघड जागा म्हणजे शिक्षकांची खोली. मधल्या सुट्टीत चहा पिताना कुणी म्हणतं, "ही पोरं टिकायची नाहीत, यांचं रक्तच तसलं." तिथे आपण हसून विषय बदलतो. भांडण नको, पण "सर, टिकत नाहीत कारण पालं उठतात. त्यांची सोय काय करायची ते बोलू," असं म्हणता येतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाच्या मानसिक छळालाही बंदी आहे. तो कायदा फक्त छडीपुरता नाही.

कुणी विचारेल, "आणि खरंच त्याच मुलाने घेतली असली तर?" असू शकतं. सरपंचांच्या मुलानेही घेतलेली असू शकते. त्याला आपण जसं समजावून सांगू, तसंच यालाही सांगायचं. एकाची ती खोडी आणि दुसऱ्याचा तो वंश, असा हिशेब नको. उलट दया दाखवून चूक झाकायचीही गरज नाही. त्या लेकरालाही इतर मुलांसारखंच वागवा, त्याला एवढंच हवं असतं.

आणखी एक. आपण त्यांचे तारणहार नाही. लक्ष्मण माने यांचं "उपरा" आणि लक्ष्मण गायकवाड यांचं "उचल्या" ही पुस्तकं या समाजातल्या माणसांनी स्वतः लिहिली आहेत. आपण आधी वाचावं, ऐकावं. पालावर जाऊन आईबापांशी बोलावं, त्यांना पालकसभेत पुढच्या रांगेत बसवावं.

पालकांना एकच विनंती. "त्याच्याजवळ बसू नकोस" हे वाक्य घरातून शाळेत येतं. ते घरीच थांबवा. "आज कुणासोबत डबा खाल्लास?" एवढं मात्र रोज विचारा.

शिक्का मारणारा कायदा रद्द व्हायला ८१ वर्षं लागली. वर्गातला शिक्का पुसणं आपल्या हातात आहे. त्यासाठी कुठल्या जीआरची वाट बघायची गरज नाही. येत्या ३१ ऑगस्टला परिपाठात पाच मिनिटं विमुक्त दिनावर बोलूया. कुणाचंही नाव न घेता, कुणालाही उभं न करता.