भाचीचा प्रबंध

दौंडच्या माणसाला कुणी काय विचारावे, याला काही धरबंध नाही. आमचे गाव पडले जंक्शनचे. 'मनमाडची गाडी कुठे लागते?', 'बारामतीची सुटली का?' आणि अलीकडे 'गाडी मुख्य दौंडला थांबणार की कॉर्ड लाइनला?' असल्या प्रश्नांची उत्तरे आम्ही झोपेतही देतो. पण 'अमेरिकेतला कोणता कादंबरीकार निवडावा?' हा प्रश्न मला यंदा पहिल्यांदाच आला, आणि तोही थेट अमेरिकेतून.

विचारणारी माझी भाची. ती न्यू जर्सीत अकरावीत शिकते. तिकडे शाळेतल्या पोरांनाही प्रबंध लिहावा लागतो. एक अमेरिकन कादंबरीकार घ्यायचा, त्याच्या निदान दोन कादंबऱ्या वाचायच्या, आणि त्यांवर वीस पाने लिहायची. शिवाय बाईंची अट अशी की, त्या वीस पानांत एक तरी म्हणणे स्वतःचे असले पाहिजे. आपल्याकडे पदवी पदरात पडेपर्यंत ज्याची कुणी सक्ती करीत नाही, ते त्या बाई सोळा वर्षांच्या मुलीकडून मागत होत्या. मला त्या बाईंविषयी आदरच वाटला.

निवडीला तीन आठवड्यांची मुदत होती. वाचकहो, मुलीचे लग्न ठरवताना घरात जेवढी मते निघतात, तेवढी या कादंबरीकाराच्या निवडीत निघाली. मेहुण्यांचे म्हणणे, झुम्पा लाहिरी घे. 'नेमसेक'मध्ये आपल्याच लोकांची कथा आहे. धाकट्या बहिणीचे म्हणणे, हेमिंग्वे घे. 'ओल्ड मॅन अँड द सी' हे पुस्तक बारीक आहे, आणि पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' म्हणून ते 1965 साली मराठीत आणले, तेव्हा घराण्यात ते परके नाही. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या सहकाऱ्याला चहा पिताना सहज विचारले, तर त्यांनी कप खाली ठेवून 'मेल्व्हिल!' एवढेच म्हटले. 'मोबी डिक' केवढे जाड आहे हे ठाऊक असल्यामुळे मी तो निरोप पुढे पोचवला नाही.

मीही माझ्या परीने यादी केली. मार्क ट्वेन 1896 साली मुंबईत येऊन गेला आणि आपल्या कावळ्यांवर त्याने मन लावून लिहिले, म्हणून तो पहिला. स्टोबाईंची 'अंकल टॉम्स केबिन' 1852 सालची. ज्या गुलामीविरुद्ध ती लिहिली गेली, ती मोडून काढणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना जोतीराव फुल्यांनी 1873 साली आपली 'गुलामगिरी' अर्पण केली, म्हणून त्या दुसऱ्या. तिसरा स्टाइनबेक. त्याच्या 1939 सालच्या 'ग्रेप्स ऑफ रॉथ'मध्ये ओक्लाहोमातले शेतकरी बिऱ्हाड मोडक्या गाडीवर लादून कॅलिफोर्नियाला मजुरीसाठी निघते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी आमच्या तालुक्यात येणारी बिऱ्हाडे ज्याने पाहिली आहेत, त्याला ही कादंबरी कुणी समजावून सांगावी लागत नाही.

भाचीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मामा, हेमिंग्वे वर्गात सहा जणांनी घेतलाय. स्टाइनबेक चौघांनी. त्यांच्यावर इतकं लिहिलेलं आहे की मी नवीन काय सांगणार? कॉम्प्युटरला विचारलं तर तो दहा मिनिटांत प्रबंध लिहून देतो."

"मग लाहिरी घे. बाबा म्हणतात ते खोटं नाही."

"ती मला आवडते. पण भारतीय मुलगी तीच घेणार, हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलंय. म्हणून नको." थोडे थांबून तिने विचारले, "मामा, असा कुणी नाही का, की जो आजीलाही वाचता येईल?"

इथे आमच्या आईविषयी सांगितले पाहिजे. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आज वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भिंग घेऊन रोज चाळीस पाने वाचते, पण मराठी. इंग्रजीशी तिचा संबंध स्टेशनच्या पाटीपुरता. नात मराठी बोलते, पण वाचताना तिला एकेक अक्षर जुळवावे लागते. दर रविवारी दोघींचे फोनवर दर्शन होते. 'जेवलीस का?' 'हो.' 'थंडी आहे का?' 'हो.' 'अभ्यास?' 'चाललाय.' तीन मिनिटांत बोलणे संपते. मग दोघी एकमेकींकडे बघून हसत राहतात. माया उदंड असते, पण बोलायला विषय नसतो. परदेशात मुले-नातवंडे असलेल्या किती घरांत रविवार असाच जात असेल!

त्या प्रश्नासरशी मला जी. ए. कुलकर्णी आठवले. 'काजळमाया'चे जी. ए. सर्वांना माहीत असतात. पण धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसाने 1960 च्या दशकात कॉनरॅड रिक्टर नावाच्या एका अमेरिकन कादंबरीकाराची पाच पुस्तके मराठीत आणली, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. 'रान', 'शिवार', 'गाव', 'रानातील प्रकाश' आणि 'स्वातंत्र्य आले घरा!' ही ती पाच. रिक्टर 1890 साली पेनसिल्व्हेनियात जन्मला, 1968 साली वारला. 1951 चे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले होते. तरी आज शाळेतल्या मुलांच्या तोंडी त्याचे नाव नसते. गर्दीत नसलेला, भाचीच्या शेजारच्याच राज्यातला, आणि आजीच्या कपाटात मराठीत बसलेला! मी नाव सुचवले. बाईंनी 'हा का?' म्हणून विचारले. भाचीने सांगितले, 'माझी आजी हा वाचणार आहे.' बाईंनी सही केली.

एके काळी आपल्याकडच्या प्राध्यापकाला अमेरिकन कादंबरीवर प्रबंध लिहायचा म्हणजे हैदराबाद गाठावे लागे. तिथे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात 1964 साली अमेरिकन अभ्यासाचे केंद्र आणि मोठे ग्रंथालय निघाले होते. मुंबई-पुण्याकडून तिकडे जाणाऱ्यांची गाडी आमच्या दौंडवरूनच जाई. आता तो अभ्यास दौंडलाच उतरला होता, आमच्या ओसरीवर!

'रान'ची गोष्ट अशी. लकेट नावाचे एक कुटुंब ओहायोच्या घनदाट अरण्यात राहायला जाते. बाप शिकारी, पायाला भिंगरी लागलेला. आई क्षयाने जाते. थोरली मुलगी सेवर्ड धाकट्या भावंडांची आई होते. पुढच्या दोन पुस्तकांत तीच सेवर्ड झाडे तोडून शेत करते आणि त्या शेताभोवती गाव उभे राहते. आईने पहिली शंभर पाने वाचली आणि भिंग बाजूला ठेवून म्हणाली, "या मुलीला मी ओळखते." आमची आजी गेली तेव्हा आई चौदा वर्षांची होती आणि पाठीवर तीन भावंडे. त्या वेळचे ती कधी बोलत नसे. त्या रविवारी ते तिने नातीला सांगितले. फोन पाऊण तास चालला.

मग तिकडून प्रश्न येऊ लागले. रिक्टरच्या पहिल्या पुस्तकाचे नाव 'द ट्रीज', म्हणजे झाडे. जी. ए. त्याला 'रान' का म्हणतात? भाचीने शब्दकोश पाहिला होता. "आजी, रान म्हणजे जंगल ना?"

आई म्हणाली, "जंगल तर खरंच. पण शेतालाही आपण रानच म्हणतो. 'रानात पाणी धरलंय', 'मालक रानात गेलेत' असं म्हणतात ना, ते काही जंगलात नाही जात."

"म्हणजे जंगल आणि शेत, दोन्हीला एकच शब्द?"

"एकच. आपल्याकडे जंगल एका दिवसात थोडंच शेत झालं? आज बाभळी, उद्या बाजरी, कालवा आला की ऊस. रान ते रानच."

तिकडे थोडा वेळ आवाज नाही. मग भाची म्हणाली, "आजी, थांब. मी हे लिहून घेते." इंग्रजीत झाड आणि शेत हे एकमेकांचे वैरी, एक पडल्याशिवाय दुसरे उभे राहत नाही. सेवर्डचा सारा जन्म त्या वैरात जातो, आणि उतारवयात तिलाच झाडांची माया वाटू लागते. मराठीत मात्र त्या दोघांचे घर एकच. तिसऱ्या पुस्तकाचे 'टाउन' मराठीत 'गाव' झाले, त्यावर दुसरा रविवार गेला. टाउन म्हणजे तिला घर सोडून खरेदीला जायची जागा, आणि गाव म्हणजे आईला जिथले आपण असतो ती जागा. बाईंना हवे असलेले 'स्वतःचे म्हणणे' भाचीला इथे सापडले. ते कुठल्याच यंत्राने लिहून दिले नसते, कारण ते दौंडच्या ओसरीवर नुकतेच जन्मले होते.

दुसरे पुस्तक तिने स्वतः निवडले, 'रानातील प्रकाश'. चार वर्षांच्या गोऱ्या मुलाला लेनापी आदिवासी पळवून नेतात आणि पोटच्या पोरासारखा वाढवतात. अकरा वर्षांनी, 1764 च्या तहाप्रमाणे, त्याला जबरदस्तीने जन्मदात्यांकडे परत पाठवतात. तो तिथे रुजत नाही, पळून जातो. पण अखेर लेनापींचाही राहत नाही. भाची जिथे राहते ती न्यू जर्सीची भूमी मूळची याच लेनापींची, हे तिला या पुस्तकामुळे नव्याने उमगले.

आईने ते पुस्तक संपवले आणि दोन दिवस कुणाशी फारसे बोलली नाही. रविवारी भाचीनेच विचारले, "आजी, शेवट आवडला नाही का?"

"पोरी, तुला तसं वाटतं का कधी? इथली नाही आणि तिथलीही नाही, असं?"

मी उठून आत जावे की काय, अशा विचारात होतो. भाची म्हणाली, "कधी कधी वाटतं."

आई म्हणाली, "त्या पोराचं काही चुकलं नाही. दोन्हीकडच्यांनी त्याला एकच बाजू धरायला लावली, तिथं घोटाळा झाला. तुला इथं कुणी तसं विचारणार नाही. मी असेपर्यंत तर नाहीच."

हे वाक्य प्रबंधात येणार नाही. पण माझ्या मते प्रबंधाची खरी कमाई तीच.

दिवाळीत मुले-नातवंडे घरी येतात किंवा फोनवर भेटतात. त्यांना अभ्यासासाठी लेखक निवडायचा झाला, तर सर्वांत थोर कोण, गुण कोण मिळवून देईल, असे जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की त्याचे पुस्तक घरातल्या आणखी कुणाला आपल्या भाषेत वाचता येईल का? अनुवाद हा मूळ पुस्तकाचा गरीब नातलग, असे आपण समजतो. एका घरातल्या दोन पिढ्यांना एका पुस्तकापाशी आणून बसवणे मूळ पुस्तकाला एकट्याने साधले नसते.

प्रबंध अजून पुरा व्हायचा आहे. आईने मात्र तो मराठीत वाचायला मिळालाच पाहिजे, असा हट्ट धरला आहे. गेल्या आठवड्यात भाचीने पहिले पान मराठीत लिहून, त्याचा फोटो काढून पाठवला. मी तो छापून आणला. आईने लाल शाईचे पेन शोधले, ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या, आणि खाली लिहिले, 'पुढचे पान पाठव.'