हानामी आणि येळवस

मार्गशीर्ष अमावास्येला सकाळी दहाच्या सुमारास धाराशिवच्या बाजारपेठेतून एखादा परगावचा प्रवासी गेला, तर शहरात संचारबंदी लागू झाली आहे की काय, असा त्याचा समज व्हावा. दुकाने बंद, रस्ते ओस, घरांना कुलपे. चौकशी केली तर उत्तर मिळते की, सारे शिवारात गेले आहेत. ही वेळाअमावास्या, येथील बोलीत 'येळवस'. धाराशिव, लातूर आणि सोलापूरचा काही भाग, तसेच सीमेपलीकडील कन्नड मुलखात हा सण पिढ्यान्‌पिढ्या साजरा होत आला आहे. शेतात कडब्याची कोप उभारायची, तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडायची. मग भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा, गव्हाची खीर यांची पंगत. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्यालाही कोणाचे तरी आवतन असतेच. त्या दिवशी गावात कोणी उपाशी राहत नाही आणि घरातही राहत नाही.

गेल्या येळवशीला अशाच एका कोपीपाशी आम्हास एक महाविद्यालयीन तरुण भेटला. पुण्यात शिकणारा, जपानी भाषेच्या दोन परीक्षा उत्तीर्ण झालेला. जपानी चित्रमालिकांपासून सुरू झालेली त्याची आवड चहाविधी, किमोनो, मंदिरे, सणवार असे करीत त्या देशाच्या साऱ्या ऋतुचक्रापर्यंत पोहोचली होती. चेरीचा बहर कोणत्या शहरात कधी येतो, हे तो तारखांसह सांगत होता. त्याच्या आजीने त्याला सहज विचारले, "तिथली फुलं समदी ठावं हायती तुला. आपल्या बांधावरचा पळस कवा फुलतो रे बाळा?" पोरगा ओशाळून हसला. आम्हीही हसलो, परंतु तो प्रश्न आमच्यासोबत घरी आला. कारण आम्हालाही त्याचे नेमके उत्तर देता आले नसते.

त्या तरुणाच्या जपानवेडाची चेष्टा करावी, असे आम्हास मुळीच वाटत नाही. महाराष्ट्राला हे आकर्षण नवे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, त्यांनी तिच्यावर मनन केले आणि १९१६ साली मातृभाषेतून शिक्षण देणारे महिला विद्यापीठ या भूमीत उभे राहिले. पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग'मधून मराठी घराघरांत जपान नेला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेली बाग आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला. त्याही आधी, १० जुलै १८९३ रोजी, शिकागोला जाताना योकोहामाहून आपल्या मद्रासच्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रात स्वामी विवेकानंदांनी आपल्या तरुणांनी दरवर्षी मोठ्या संख्येने जपान पाहण्यास जावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. तेव्हा आमचा तरुण जपानकडे पाहतो आहे, यात गैर काही नाही. त्याने तेथे काय पाहावे आणि पाहून काय करावे, एवढाच प्रश्न आहे.

जपानी माणसाचे वर्ष ऋतूंच्या धाग्यात ओवलेले आहे. फेब्रुवारीच्या आरंभी 'सेत्सुबुन'. त्या दिवशी भाजलेले सोयाबीन घराबाहेर फेकून पीडेला हाकलतात आणि सुखाला घरात बोलावतात. आपल्या आयाबहिणी दिवाळीच्या पाडव्याला इडापीडा टळो आणि बळीचे राज्य येवो म्हणतात, तीच ही भावना. ३ मार्चला मुलींसाठी बाहुल्यांची आरास. मग चेरीचा बहर आणि त्याखाली बसून सहकुटुंब, सहपरिवार केलेले वनभोजन, म्हणजेच 'हानामी'. उन्हाळ्यात 'ओबोन': पितर घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लावायचे, फेर धरून नाचायचे आणि नदीच्या प्रवाहात दिवे सोडून त्यांना निरोप द्यायचा. शरदात चंद्रदर्शनाचा 'त्सुकिमी'. गवताचे तुरे मांडून तांदळाच्या पिठाचे गोळे चंद्राला अर्पण करतात. कोजागरीला आटीव दूध पिणाऱ्या मराठी माणसाला हे परके कसे वाटेल? जुन्या पंचांगातील दहाव्या महिन्याला तेथे 'देवाविना महिना' म्हणतात, कारण सारे देव इझुमोच्या क्षेत्री गेलेले असतात. सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत आई तुळजाभवानी पलंगावर श्रमनिद्रा घेते, हे ठाऊक असलेल्या धाराशिवकराला त्या महिन्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. वर्षअखेरीस घराची साफसफाई आणि मंदिरात घंटेचे १०८ ठोके. ही संख्या तर आपल्या जपमाळेचीच.

ही साम्ये पाहून आपल्याकडील अनेकांची छाती फुगते. फुगण्यास आधारही आहे. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोहोचला आणि नारा येथील महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन सोहळा ७५२ साली त्याच्या हस्ते झाला. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, किचिजोतेन म्हणजे लक्ष्मी, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. शिंगोन पंथाच्या मंदिरांत आजही 'गोमा' होतो, तो आपला होम. क्योतोचा विख्यात गिओन उत्सव ८६९ साली रोगराईच्या निवारणार्थ सुरू झाला आणि त्याच्या नावाचा धागा श्रावस्तीच्या जेतवनापर्यंत येतो. हे सारे खरे आहे. परंतु 'हे आपल्याकडूनच तिकडे गेले' एवढे म्हणून आपण समाधानाने पाय पसरणार असू, तर तो अभिमान नव्हे, आळस आहे. आजोबांनी शेजाऱ्याला बी दिले होते, ही गोष्ट नातवाने किती दिवस सांगावी? शेजाऱ्याच्या शेतात पीक डोलते आहे आणि आपल्या शेतात काय आहे, हेही त्याने कधीतरी पाहिले पाहिजे.

जपानी माणसाने घेतलेल्या बियाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. वर्षाचे ७२ सूक्ष्म ऋतू ही कल्पना चीनमधून आली. १६८५ साली शिबुकावा शुनकाई या ज्योतिर्विदाने ती जपानच्या हवामानाशी ताडून पाहिली आणि आपल्या भूमीत जे घडते, तेच त्यात लिहिले. उसने घेतले, पण तसेच ठेवले नाही. दुसरी गोष्ट नोंदीची. क्योतोतील चेरीच्या बहराच्या तारखा रोजनिशा, बखरी आणि दरबारी कागदपत्रांतून जमवीत अभ्यासक थेट ८१२ सालापर्यंत मागे गेले आहेत. म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला क्योतोत पूर्ण बहर आला, तेव्हा सुमारे बाराशे वर्षांत तो इतक्या लवकर आलेला नाही, हे त्यांना छातीठोकपणे सांगता आले. हवामान बदलत आहे, याचा इतका जुना पुरावा फुलांच्या पाकळ्यांनी दिला. आणि तो देता आला, कारण कोणीतरी शतकानुशतके लिहून ठेवत होते. हायकूतही परंपरेने ऋतुसूचक शब्द असावा लागतो आणि अशा शब्दांचे कोश तेथे वापरले जातात.

आपल्याकडे शब्दांची वाण आहे काय? मृगाचा किडा, हस्ताचा गडगडाट, पावशाची साद, सुगी, हुरडा, नक्षत्रागणिक बदलणारे पावसाचे वाहन. एवढा ऋतुकोश ज्या शेतकऱ्याच्या जिभेवर आहे, त्याच्या नातवाच्या वहीत मात्र यातला एक शब्द नाही. धाराशिवसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात पाऊस कधी आला, पळस कधी फुलला, आंब्याला मोहोर कधी आला, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळाला गेले, या गोष्टींवर माणसाचे जगणे अवलंबून आहे. तरीही गावागावांतून यांची सलग नोंद ठेवणाऱ्या वह्या किती निघतील?

जपानने एक आणखी कठीण गोष्ट केली आहे. त्याने आपत्तीलाही पंचांगात स्थान दिले. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा परिसरात भूकंप झाला आणि एक लाखाहून अधिक माणसे दगावली. १९६० पासून हा दिवस आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळला जातो. शाळांत, कचेऱ्यांत त्या दिवशी सराव होतो; लहान मूलही मेजाखाली कसे शिरावे, हे शिकते. आता आपल्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणेशविसर्जन आटोपून थकलेली माणसे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासच्या गावांतील दगडमातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. स्वयंसेवकांपासून साधुसंतांपर्यंत सारा देश मदतीला धावला, याचा आम्हास सार्थ अभिमान आहे. परंतु त्या पहाटेनंतर जन्मलेली पिढी आज बापाच्या वयाला आली. तिला ती पहाट कशी कळावी? स्मृतिस्तंभाला हार घालणे आवश्यकच आहे. पण त्याच दिवशी जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत तासभर सराव झाला, तर ती त्या मृतांना वाहिलेली अधिक खरी श्रद्धांजली ठरेल. स्मरणाला आचरणाची जोड मिळाली की त्याची परंपरा होते.

मात्र जपानला देव्हाऱ्यात बसविण्याचेही कारण नाही. १८७३ च्या १ जानेवारीपासून त्या देशाने पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि बरेच सण तिथीवरून उचलून तारखेवर ठेवले. सातव्या महिन्यातील तारकांचा उत्सव 'तानाबाता' अनेक ठिकाणी ७ जुलैला होतो. तेव्हा तेथे ऐन पावसाळा असतो आणि ज्या ताऱ्यांसाठी उत्सव, तेच पुष्कळदा ढगाआड राहतात. आपण तिथी सोडली नाही, हे आपले शहाणपण. दुसरा धडा अधिक कटू आहे. इवाते प्रांतातील कोकुसेकी मंदिराचा 'सोमिनसाई' हा सुमारे हजार वर्षांचा उत्सव फेब्रुवारी २०२४ मध्ये अखेरचा झाला. कोणी त्यावर बंदी घातली नव्हती, कोणी त्याचा उपहासही केला नव्हता. गावात तो करणारी तरुण माणसेच उरली नाहीत. वृद्धांच्या थकल्या हातांनी परंपरेचा दिवा सन्मानपूर्वक विझविला. नोंदी, कोश, शिस्त सारे असूनही गाव रिकामे झाले की सण वाचत नाही.

ही बातमी धाराशिवकरांनी दोनदा वाचावी. येळवशीची कोप ज्या कडब्याची, ती ज्वारी शिवारातून मागे सरते आहे. तिची जागा सोयाबीनने आणि पाणी असेल तेथे उसाने घेतली आहे. शेतकऱ्याने पैशाचे पीक घेऊ नये, असे शहरात बसून सांगण्याचा आम्हास अधिकार नाही. परंतु ज्वारी नसलेल्या शिवारात कोप कशाची उभी राहणार, हा प्रश्न उरतोच. याच जिल्ह्यातील कळंब, भूम, वाशी भागांतून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. मार्गशीर्ष अमावास्येला त्यांची मुले परमुलखात उसाच्या फडाशेजारी पालात असतात. त्यांची येळवस कोठे होते? आणि शहरातून मोटारीने येऊन, भज्जीची छायाचित्रे काढून, सायंकाळी परतणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ती भज्जी रात्रभर जागून रांधणाऱ्या माउलीच्या कंबरेचा विचार शिवतो? जो सण सर्वांचा म्हणवतो, त्यात कष्टही सर्वांचे असावेत आणि पंगतही सर्वांची असावी.

यासाठी अचाट काही करावयाचे नाही. प्रत्येक शाळेने एक ऋतुवही ठेवावी. पहिला पाऊस, पहिला मोहोर, पळसाचे फूल, विहिरीची पातळी मुलांच्या हस्ताक्षरात तारीख आणि तिथीसह लिहिली जावी. शेतकऱ्याने जमेल तेवढा एखादा तुकडा तरी ज्वारीखाली ठेवावा आणि समाजाने ती ज्वारी योग्य भावाने विकत घ्यावी. येळवशीच्या आदल्या रात्री चुलीपुढे घरातील पुरुषांनी आणि मुलांनीही बसावे. गावातील जाणत्यांनी ऊसतोडीला गेलेल्या आपल्या माणसांपर्यंत आंबिलाचा एक तरी गडू पोहोचवावा. आणि ३० सप्टेंबरला शाळेची घंटा सरावासाठी वाजावी. महर्षी कर्व्यांनी जपानची पुस्तिका वाचून जे केले, ते याच जातीचे होते. त्यांनी जपानची नक्कल केली नाही. जपान पाहून आपल्या घरातील उणीव ओळखली आणि ती आपल्या भाषेत भरून काढली.

त्या तरुणाने जपानी अवश्य शिकावे. जमल्यास क्योतोला जाऊन चेरीखाली बसावे. पण जाण्यापूर्वी आजीच्या प्रश्नाचे उत्तर एका वहीत लिहून ठेवावे. यंदाचा पळस फुलेल, तेव्हा तारीख टिपायला विसरू नये. आम्हीही आमची वही घेऊन ठेवली आहे.