नाव कशामुळे झालं?

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत एकच विषय असतो. मुलीला दोन-तीन मेडिकल कॉलेजांत प्रवेश मिळालेला असतो आणि महिना संपायच्या आत त्यातलं एक धरायचं असतं. मुलगी म्हणते, इथलं वातावरण मला आवडलं, शिकवणारे वेळ देतात. आईबाबा म्हणतात, पण नाव त्या दुसऱ्याचं आहे.

आईबाबांच्या मनात हे का बसलंय, ते मला कळतं. ते वाढले तिथे गुणवत्ता यादी लागायची आणि वरचे नंबर मुंबईत के.ई.एम.ला, पुण्यात बी.जे.ला जायचे. त्या नावाला भक्कम आधार होता. के.ई.एम.च्या ओपीडीत आणि वॉर्डांत विद्यार्थ्याला जेवढे आजार आणि जेवढी माणसं बघायला मिळत, तेवढी फार थोड्या ठिकाणी मिळत. ते नाव रुग्णांच्या गर्दीतून झालं होतं.

अमेरिकेतलं नाव बऱ्याच अंशी वेगळ्या गोष्टींवर उभं आहे. ‘यू.एस. न्यूज’च्या क्रमवारीत वर्षानुवर्षं संशोधनासाठी मिळणारा निधी, इतर कॉलेजांच्या डीनांचं मत आणि प्रवेश मिळालेल्यांचे एमकॅट या प्रवेशपरीक्षेतले गुण यांना मोठं वजन होतं. तिसऱ्या वर्षी रुग्णाच्या खाटेशी उभं राहून तुम्हाला कोण शिकवणार, हे त्यातून कळत नाही. जानेवारी २०२३ मध्ये हार्वर्डने या क्रमवारीला माहिती देणं थांबवलं, पाठोपाठ स्टॅनफर्ड आणि कोलंबियानेही. २०२४ पासून तर पहिला-दुसरा असे क्रमांक जाऊन नुसते गट उरले. ज्यांचं नाव सर्वांत मोठं, त्यांनीच नावाच्या या मोजमापाला नकार दिला.

हा प्रश्न आला की मला आनंदीबाई जोशी आठवतात. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. त्या शिकल्या फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात. त्याच शहरात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं, १७६५ साली सुरू झालेलं, देशातलं सर्वांत जुनं मेडिकल कॉलेज होतं. पण त्याचं दार स्त्रियांना बंद होतं. म्हणजे त्यांची निवड पूर्ण मोकळी नव्हती. पण स्त्रियांसाठीची कॉलेजं न्यूयॉर्कमध्येही होती, आणि फिलाडेल्फियात जे मिळालं ते नेमकं त्यांना हवं होतं.

त्यांचं बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलं होतं. आपल्या देशातल्या बायकांना उपचार मिळावेत, यासाठी त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. या कॉलेजाला स्त्रियांच्या रुग्णालयाची जोड होती. डीन रेचल बॉडली आपल्या विद्यार्थिनींकडे आस्थेने बघत. ज्यांना आनंदीबाई मावशी म्हणत, त्या कार्पेंटरबाई शेजारच्याच न्यू जर्सीत रोझेलला राहत. आनंदीबाईंनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. पुढे १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि मुंबईत येऊन काम करू लागल्या.

पण मानवणारं कॉलेज म्हणजे सोपं कॉलेज नव्हे. तिथली थंडी आणि परकं अन्न आनंदीबाईंच्या प्रकृतीला झेपलं नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झाली, पण काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्या गेल्या. म्हणून मी मुलांना सांगते, मन कुठे रमेल एवढंच पाहू नका. अवघड दिवसांत कोण पाठीशी उभं राहील, तेही पाहा.

नाव अगदीच बिनकामाचं आहे असं नाही. संशोधनात आयुष्य घालवायचं असेल किंवा न्यूरोसर्जरी, त्वचारोग अशा चुरशीच्या शाखेत रेसिडेन्सी हवी असेल, तर मोठ्या कॉलेजातल्या ओळखी आणि प्रयोगशाळा उपयोगी पडतात. जानेवारी २०२२ पासून परवान्याच्या ‘स्टेप वन’ परीक्षेत गुण न देता फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण सांगतात, त्यामुळे कॉलेजच्या नावाला जास्त वजन येईल अशी भीतीही अनेकांना वाटते. पण मान्यताप्राप्त कॉलेज कुठलंही असो, एम.डी. होणाऱ्याला परवान्याच्या परीक्षा त्याच द्याव्या लागतात आणि परवानाही तोच मिळतो. नावापायी डोक्यावर घेतलेलं कर्ज मात्र पुढे कुठली शाखा परवडेल, हेसुद्धा ठरवू लागतं.

म्हणून आईबाबांना माझं सांगणं आहे, नाव जरूर विचारा, पण ते नाव कशामुळे झालं हेही विचारा. ते कारण तुमच्या मुलीच्या कामाचं असेल, तर तेच कॉलेज घ्या. नसेल, तर तिला आवडलेल्या कॉलेजातल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. वॉर्डात रुग्ण किती हाताळायला मिळतात, नापास झालेल्याला कसं वागवतात, कर्ज किती झालं, हे त्यांच्याकडून ऐका. चार वर्षं तिला तिथे काढायची आहेत. सगळं ऐकून झाल्यावर निर्णय तिला घेऊ द्या आणि तो मनापासून माना.