नाय, नियर आणि नजीक

इंग्रजीत ‘नाय’ म्हणून एक शब्द आहे. कोकणातल्या माणसाला तो नकार वाटेल. पण त्याचा अर्थ आहे जवळ. आता हा शब्द म्हातारा झाला. बाजारात, कचेरीत तो कोणी उच्चारीत नाही. जुनी कविता, चर्चमधली प्रार्थना आणि ‘वेल-नाय’ हा ‘जवळजवळ’ अशा अर्थाचा जोडशब्द, एवढ्यांच्या आश्रयाने तो दिवस काढतो आहे. लिहिताना शेवटी जी आणि एच ही दोन अक्षरे येतात. एकेकाळी त्यांचा घशातून खकारासारखा उच्चार होई. तो गेला, अक्षरे राहिली.

म्हातारा कोपऱ्यात बसला, तरी घर त्याच्याच मुलांनी भरले आहे. मूळची व्यवस्था अशी होती : नाय म्हणजे जवळ, नियर म्हणजे अधिक जवळ आणि नेक्स्ट म्हणजे सर्वांत जवळ. पुढे मधले रूपच थोरल्याच्या गादीवर बसले. उत्तरेकडून समुद्रमार्गे इंग्लंडात आलेल्या लोकांच्या बोलीत तसाच एक शब्द होता, त्याचाही हातभार लागला. नियरला ‘जवळ’ हा साधा अर्थ आला आणि ‘अधिक जवळ’साठी ‘नियरर’ बनवावे लागले. व्युत्पत्तीच्या हिशेबाने ही दुहेरी आकारणी झाली. पण ‘श्रेष्ठ’ या तमभाववाचक शब्दाला आपण बिनदिक्कत ‘तम’ जोडतो, तेव्हा इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. दवाखान्यात कंपाउंडर ‘नेक्स्ट’ म्हणून हाक मारतो तोही याच घराण्यातला, आणि ‘नेबर’ही त्याच घरचा. नाय म्हणजे जवळ, आणि पुढचा अंश म्हणजे वस्ती करून राहणारा. जवळ राहतो तो शेजारी. डच भाषेतला शेजारी आणि दक्षिण आफ्रिकेतले बोअर या पुढच्या अंशाचे भाऊबंद होत.

हे सुरतेत बसून लिहिण्यात एक औचित्य आहे. १६०८ साली विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज सुरतेच्या खाडीबाहेर येऊन थांबले. १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले इंग्रजी बायबल छापून निघाले, आणि त्यात हा ‘नाय’ ठायी ठायी आढळतो. म्हणजे येथल्या वखारीतले इंग्रज रविवारी ज्या भाषेत देवाला आळवीत होते, तिच्यात हा शब्द जिवंत होता. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा वखारीचा मुख्य असलेला जॉर्ज ऑक्झेंडन येथल्याच इंग्रजी कबरस्तानात पुरला आहे. डचांचे कबरस्तान निराळे. मलबारच्या वनस्पतींवर प्रचंड ग्रंथ करविणारा व्हान ऱ्हेडे १६९१ साली वारला, तो तेथे आहे. दोघांच्या वखारी एकाच गावात, आणि युरोपात त्यांच्या राष्ट्रांची आरमारे एकमेकांवर तोफा डागीत होती. शेजारी होते, जवळचे मात्र नव्हते.

आता मुद्द्याकडे वळतो. आपल्या जुन्या घराण्यांत संस्कृतचा अभिमान मोठा, आणि तो असावाही. पण त्या भरात पुष्कळ लोक मानतात की इंग्रजी नियर हा संस्कृत ‘निकट’चाच अपभ्रंश. पुरावा म्हणून हिंदी संतवाणीतला ‘नियरे’ पुढे करतात. नियरे हा निकटपासून प्राकृतमार्गे आलेला खराच; पण इंग्रजी नियरशी त्याचे साम्य हा केवळ योगायोग आहे. इंग्रजी शब्दाचे सगेसोयरे जर्मन आणि डच भाषांत आहेत. आपला निकट हा ‘नि’ या उपसर्गावरून, संकट, प्रकट, विकट यांच्या घाटणीने घडला. दोन अनोळखी माणसांचे चेहरे जुळावेत तसे हे आहे.

उलट जो शब्द आपण यावनी म्हणून बाहेरच्या ओसरीवर बसवतो, तो ‘नजीक’ मात्र रक्ताचा निघतो. फारसीत तो ‘नज़्दीक’. संस्कृतात ‘अन्तिक’ म्हणजे जवळ. पण अधिक जवळ म्हणजे ‘नेदीयस्’ आणि सर्वांत जवळ म्हणजे ‘नेदिष्ठ’. पाणिनीला यासाठी एक स्वतंत्र सूत्र रचावे लागले. या नेदिष्ठाचे सख्खे भावंड पारशांच्या अवेस्तात ‘नज़्दिश्त’ या रूपात आहे, आणि फारसी नज़्दीक त्याच धातूचा. म्हणजे सुरतेतला पारशी दस्तूर आणि आपले भिक्षुक यांच्या पोथ्यांत जवळिकेचा एकच शब्द आहे, आणि सातबाऱ्याच्या कागदात दिसणारा ‘नजीक’ हा त्यांचा आप्त.

याच शब्दावरून एका वैदिक ऋषीचे नाव पडले आहे : नाभानेदिष्ठ. नाभीला, म्हणजे कुळाच्या मुळाला, सर्वांत जवळचा. अवेस्तातही हाच समास आहे आणि तेथेही अर्थ जवळचा नातलग असाच. ऐतरेय ब्राह्मणात या मनुपुत्राची कथा आहे. तो गुरुगृही ब्रह्मचर्याने राहत असता भावांनी घरी वाटण्या उरकल्या आणि त्याच्यासाठी काहीच ठेवले नाही. ज्याच्या नावातच सर्वांत जवळचा, त्यालाच वाटा नाही! पुढे त्याला धन मिळाले ते परक्यांच्या यज्ञात, आणि तेही एका तंट्यानंतर.

ही कथा मला सुरतेच्या मराठीविषयी विचार करताना वारंवार आठवते. या शहराने मराठीसाठी पुष्कळ केले आहे. मराठी व्याकरणाचा पाया घालणारे दादोबा पांडुरंग येथे शाळेत शिकवीत होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभा स्थापण्यात त्यांचा हात होता. त्याच गावात नर्मदाशंकरांनी एकट्याच्या बळावर गुजराती कोश रचला आणि १८७३ साली तो पुरा छापला. बडोद्यास १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला, तो आपण अजून अभिमानाने दाखवतो. ही सारी आपल्या दिवाणखान्यातली चित्रे.

पण आज सुरतेत मराठी बोलते कोण? तापी खोऱ्यातल्या सुरत-भुसावळ रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली माणसे. माग, रंगाई, छपाई यांच्या कारखान्यांत ती राबतात. उधना, लिंबायत, डिंडोलीकडे राहतात. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत त्यांचीच मुले दिसतात. आपली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, आणि घरी आल्यावर ‘शेजारी’ न म्हणता ‘बाजूवाले’ म्हणतात.

येथल्या एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अशाच वस्तीतली एक मुलगी बोलायला उभी राहिली. ‘माझ्याजवळ’ म्हणायचे ते ती ओघात ‘मन्हा जोडे’ म्हणाली. पुढच्या रांगेत हशा पिकला. मुलगी बावरली आणि दोन वाक्यांत भाषण आटोपून खाली बसली. हसणारी मंडळी माझ्याच वयाची, माझ्याच ओळखीची होती, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

त्या ‘जोडे’त हसण्यासारखे काय आहे? गुजराती माणूस ‘मारी जोडे’ म्हणतो तेव्हा आपण हसत नाही. जोडणे, जोडी, जोडीदार हे आपलेच शब्द. ज्या ‘पाशी’ला आपण शुद्ध समजतो, तो ‘पार्श्व’ म्हणजे कूस, बरगडी, यावरून आला. ‘लगत’ हा लागण्यावरून. आणि ‘लग्न’चा मूळ अर्थही चिकटलेला एवढाच. कोणी बरगडीवरून जवळीक मोजली, कोणी चिकटण्यावरून, खानदेशाने जोडण्यावरून. अहिराणीत ‘जवळ’ही आहे, फक्त ळचा य होऊन तो ‘जवय’ होतो. काळा तेथे काया होतो, डोळा डोया होतो. नियम अगदी काटेकोर आहे, आपल्या पाठ्यपुस्तकात नाही इतकेच.

प्रमाण भाषा शिकवू नये असे मी म्हणत नाही. त्या मुलीला ‘माझ्याजवळ’ यायलाच हवे. परीक्षा आहेत, नोकऱ्या आहेत. पण ते शिकवण्यासाठी आधी तिचे ‘जोडे’ ऐकून घेतले पाहिजे, आणि त्यासाठी गोपीपुऱ्यातून, नानपुऱ्यातून उठून लिंबायतेस जावे लागेल. मंडळांच्या वाचनालयांत दोन-दोन कपाटे पुस्तके धूळ खात आहेत. त्यांतली मुलांची पुस्तके निवडून त्या शाळांना दिली, आणि महिन्यातून एकदा कोणी तेथे वाचून दाखवायला गेले, तर खर्च रिक्षाच्या भाड्यापलीकडे नाही. पुढच्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. बडोद्याच्या मंडळांनीही तो आपापल्या सभेपुढे ठेवावा.