पेट्रोलपंपाखालची जमीन आणि शेजाऱ्याची विहीर

हमरस्त्यालगतचा तुकडा पेट्रोलपंपाकरितां भाडेपट्ट्यानें देण्याची चाल आतां चोहोंकडे पडली आहे. पाऊस पडो वा न पडो, भाडें वेळेवर हातीं येतें. तेव्हां असा तुकडा ज्याच्या वांट्यास आला त्यानें तो मोह टाळावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पट्टा लिहितांना भाड्याचा आंकडा व मुदत यांपलीकडील मजकूर वाचण्याची आमच्या लोकांस संवय नाहीं. महसुलाच्या कारकुनींत माझी उमेद गेली. सातबाराच्या उताऱ्यावर पीक दिसतें, बोजा दिसतो, विहीर दिसते. जमिनीच्या पोटांत पुरलेली टाकी मात्र कोणत्याच रकान्यांत दिसत नाहीं.

टाक्या बहुधा पोलादाच्या. पोलादास गंज चढतो, नळांचे सांधे ढिले होतात, टँकर रिकामा करतांना सांडलवंड होते. थेंबाथेंबाची गळती वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पेट्रोल पाण्याहून हलकें, म्हणून तें झिरपत जाऊन भूजलाच्या पातळीवर तरंगतें. पण त्यांतील बेंझीन पाण्यांत विरघळून पाण्याबरोबर वाहूं लागतें. हें द्रव्य कर्करोग उत्पन्न करणारें आहे. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरास १० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक नसावें असें जागतिक आरोग्य संघटनेचें मान आहे. आतां हिशेब पाहा. पेट्रोलांत बेंझीन शेंकडा एक भाग धरलें, तर एका लिटरांत तें सुमारें पावणेनऊ ग्रॅम भरतें. आणि तेवढें सर्व पाण्यांत उतरलें, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी या मर्यादेस जाऊन भिडतें. एक लिटर पेट्रोलाची ही कथा!

त्यांतून आमचा मुलूख काळ्या पाषाणाचा. येथें पाणी मुरमांतून व खडकाच्या भेगांतून वाट काढतें. त्यामुळें पंपालगतची विहीर निर्मळ राहून दोन शेतें पलीकडची बिघडावी, असेंहि घडूं शकतें.

अमेरिकेंत या गोष्टीची जाग १९८४ च्या कायद्यानें आली. जुन्या टाक्या सुधाराव्या अथवा बंद कराव्या यासाठीं २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख ठरली, आणि तेथें आजवर पांच लाखांवर गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. कॅलिफोर्नियांतील सँटा मोनिका शहरास तर पेट्रोलांत मिसळीत असलेल्या एमटीबीई नांवाच्या द्रव्यापायीं १९९६ सालीं आपल्या बहुतेक विहिरी बंद कराव्या लागल्या.

शोधाची रीत अशी. प्रथम टाकीचें रोजचें माप व विक्रीचा हिशेब ताडून पाहावयाचा. मग भोंवतीं भोकें पाडून मातीचे व मातींतील वाफेचे नमुने घ्यावयाचे. आणि निदान तीन निरीक्षण विहिरी खोदून पाणी कोणत्या दिशेस वाहतें तें ठरवावयाचें. शुद्धीकरणांत आधीं गळती बंद, मग तरंगणारें तेल उपसणें, भिजलेली माती काढणें किंवा जमिनींतील वाफ यंत्रानें ओढून घेणें. काढलेल्या मातीचे ढीग करून त्यांस हवा व नत्र पुरविल्यास जीवाणू तेल खाऊन टाकतात. कंपोस्ट करणाऱ्यास हें नवें वाटणार नाहीं. येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल गळलें, तर जीवाणू आधीं इथेनॉलावर तुटून पडतात, त्यांतच प्राणवायु संपतो, व बेंझीन शिल्लक राहून अधिक लांब जातें. उंसास भाव मिळावा म्हणून इथेनॉलाचा आग्रह आपण धरतों, तेव्हां हेंहि आपणच जाणून असावें.

केंद्र सरकारनें जुलै २०२५ मध्यें दूषित स्थळांविषयीं नियम केले. त्यांत स्थानिक संस्थेनें अथवा जिल्हा प्रशासनानें संशयित स्थळांचा सहामाही अहवाल पाठवावयाचा असून, खर्च दोषी ठरेल त्यानें सोसावयाचा आहे. नियम चांगला. परंतु सहामाही पत्रकें कशीं भरलीं जातात तें मला ठाऊक आहे: लेखी तक्रार नसली कीं 'निरंक' लिहून कागद रवाना! म्हणून तक्रार लेखी द्यावी व पोंच घ्यावी.

तथापि खरा उपाय पट्ट्यांतच आहे. टाकी पुरण्यापूर्वीं माती व पाणी तपासून तो दाखला पट्ट्यास जोडावा. मुदत संपतां टाक्या काढून पुन्हां तपासणी करून द्यावी. आणि शेजारच्या विहिरींचें पाणी दरवर्षीं भाडेकऱ्याच्या खर्चानें तपासावें. पहिला दाखला नसेल, तर पुढें बिघाड कोणी केला हें सिद्ध करणें दुरापास्त. एकट्या शेतकऱ्यानें हीं कलमें मागितलीं तर कंपनी दुसऱ्याची जमीन पाहील, हा आक्षेप खरा आहे. याकरितां आपल्या संस्थेनेंच वकिलाकडून एक मसुदा करवून तो सर्व सभासदांस द्यावा, अशी माझी सूचना आहे.

विहिरीस वास येऊं लागल्यास आंत दिवा सोडूं नये, मोटारहि चालू करूं नये. नमुना कांचेच्या बाटलींत कांठोकांठ भरून, घट्ट बूच लावून, बर्फांत ठेवून प्रयोगशाळेंत न्यावा. बाटली अर्धवट भरली तर बेंझीन वाटेंतच उडून जातें आणि दाखला निर्दोष येतो.