हा ‘चुकून’ खोडा
११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालून मारले. दाढी-पगडी पाहून, ‘चुकून मुसलमान समजून’, असे आजही लिहिले जाते. मी अनुवादक आहे. हा ‘चुकून’ मला कोणत्याच भाषेत उतरवायचा नाही. त्याच दिवशी त्याच मारेकऱ्याने लेबनीज वंशाच्या एका माणसावर आणि एका अफगाण कुटुंबाच्या घरावरही गोळ्या झाडल्या. ते नेम मग बरोबर होते का? विमानतळावर पगडी चाचपली गेली की आपण घाईने सांगतो, शीख म्हणजे ‘ते’ नव्हेत. दस्तार म्हणजे काय, हे जरूर सांगावे. पण स्वतःची सुटका मागताना संशय शेजाऱ्याच्या गळ्यात अडकवू नये. चूक ओळखण्यात नव्हतीच. ती संशयातच होती.