‘रक्त कोणाचे, कोण जाणे!’

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? एका दत्तक बालिकेच्या स्नानसंस्कारानंतरच्या पंगतीत हा प्रश्न आमच्या कानी पडला. विचारणारे गृहस्थ वयोवृद्ध, नित्य मिस्साला जाणारे, मनाने दुष्ट मुळीच नव्हेत. ‘पोर गोड आहे हो, पण रक्त कोणाचे, कोण जाणे!’ असे म्हणून त्यांनी निःश्वास सोडला आणि चारचौघांनी माना डोलावल्या. बालिका चार महिन्यांची होती. तिला अजून बसताही येत नव्हते, पण तिच्या भवितव्याचा निकाल लागून गेला होता.

आनुवंशिकता खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. उंची, बांधा, काही व्याधी, स्वभावाचाही काही भाग मूल जन्मतःच घेऊन येते. आमचा आक्षेप आहे तो ‘रक्तात आहे’ याचा अर्थ ‘इलाज नाही’ असा लावण्याला. फिनिलकिटोन्युरिया नावाचा एक विकार आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो. याहून अधिक ‘रक्तातला’ विकार कोणता असणार? अन्नातील प्रथिनांमधला एक घटक त्या बाळाच्या शरीरात साठत जातो आणि मेंदूची हानी करतो. १९३४ मध्ये नॉर्वेतील डॉक्टर फोलिंग यांनी हा विकार ओळखला, तेव्हा मतिमंदत्व अटळच मानले जाई. पुढे १९५०च्या दशकात बर्मिंगहॅम येथे तो घटक कमी असलेला आहार एका मुलीला देऊन पाहण्यात आला. आज जेथे नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून हा विकार शोधतात, तेथे अशी मुले पहिल्या आठवड्यांतच पथ्यावर ठेवली जातात आणि इतरांसारखी शाळेत शिकतात. जनुक तेच, ताट तेवढे बदलले.

आता रुमानियाकडे पाहा. चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ पासून कुटुंबांवर अधिक मुलांची सक्ती केली, आणि पोसता न आलेली मुले सरकारी अनाथगृहांत गेली. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा तेथे एक लाखाहून अधिक मुले होती. ठरल्या वेळी दूध मिळे, लंगोट बदलला जाई. उचलून घेणारे कोणी नसे. २००० नंतर अमेरिकी संशोधकांनी बुखारेस्टमधील अशा १३६ बालकांपैकी निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत दिली. (उरलेली संस्थेच्या स्वाधीन राहिली, हे आमच्या मनाला आजही खटकते, तेथे पालक-कुटुंबांची सोय तोवर जवळजवळ नव्हतीच, हेही खरे.) साडेचार वर्षांच्या वयात संस्थेतील मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ७३ भरला, घर मिळालेल्यांचा ८१. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना लाभ अधिक झाला. वाटणी चिठ्ठीने झाली असल्यामुळे चांगले रक्त इकडे आणि वाईट तिकडे, असे म्हणायलाही जागा उरत नाही.

मात्र मुलाचे प्रत्येक उणे आईच्या माथी मारावे, असाही याचा अर्थ नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वमग्न मुलांच्या मातांना ‘थंड काळजाच्या’ ठरवून फार छळले गेले. १९७७ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासाने त्या विकारातला आनुवंशिकतेचा वाटा दाखवला, तेव्हा कोठे तो आरोप ढासळू लागला.

दत्तकाचा पुरा हक्क आपल्या समाजाला फार उशिरा मिळाला. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता. १८९० च्या कायद्याखाली ख्रिस्ती दांपत्य मुलाचे केवळ पालक ठरे, कायद्याने आईबाप नव्हे. २००० च्या बाल न्याय कायद्याने वाट उघडली आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला खुली असल्याचे स्पष्ट केले. न्यायालयाने मान्य केलेले आईबापपण आपण मात्र पंगतीत बसून नाकारतो, तेही ज्या घराच्या भिंतीवर संत योसेफाची तसबीर आहे त्या घरात!

हे सारे त्या गृहस्थांना आम्ही तेथेच सांगायला हवे होते. सांगितले नाही, वयाचा मान आड आला. बालिकेची आई दोन हातांवर उभी होती. तिने ऐकले, आणि ती भात वाढायला पुढे गेली.